कमी खर्चात गाडीची कंपनी म्युझिक सिस्टिम सुधारायची आहे, सुरुवात कुठून करू?

रानवाट

मंडळी, नमस्कार. गाडीला कंपनीचाच टचस्क्रीन स्टीरिओ आहे, चार दारांत चार स्पीकर आहेत आणि वेगळे ट्वीटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर) नाहीत. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन, जुनी गाणी आणि लांबच्या प्रवासात गप्पांचे कार्यक्रम. तक्रारी तीन आहेत. गाणाऱ्याचा आवाज दबलेला येतो, जणू तोंडावर रुमाल धरलाय. आवाज निम्म्याच्या वर नेला की फाटतो. आणि तबला सुरू झाला की डाव्या दारात कुठेतरी खुर्रर्र होतं.

एका फिटिंगवाल्याला विचारलं तर त्याने थेट नवीन स्टीरिओ, चारही स्पीकर, ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र) आणि डिकीत मोठा वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) अशी यादी हातात ठेवली. तेवढे पैसे नाहीत. एका वेळी यातली जेमतेम एकच गोष्ट घेता येईल, पुढची काही महिन्यांनी. गाडी वॉरंटीत आहे, त्यामुळे वायरी कापायच्या नाहीत. पहिला पैसा कशावर घालावा?

खर्ज

रानवाट, पहिला पैसा आत्ता घालूच नका. आधी जे फुकट होतं ते करून घ्या. त्यातून किती फरक पडतो ते कानांनी ऐका, मग काय विकत घ्यायचं ते आपोआप कळेल. मी हे काटकसरीसाठी म्हणत नाही. गाडीतल्या आवाजात स्पीकर हा एक भाग झाला. दार, काच, सीट, सेटिंग, गाण्याची फाइल हे सगळंच वाजत असतं.

सेटिंगपासून सुरू करा. स्टीरिओत 'लाउडनेस', 'बेस बूस्ट', 'सराउंड' असं जे काही चालू असेल ते बंद करा. इक्वलायझर सपाट, म्हणजे सगळ्या पट्ट्या शून्यावर. वेगाबरोबर आवाज वाढवणारी सोय असेल तर तीही सध्या बंद. फोनवरून ब्लूटूथने ऐकत असाल तर फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमीजास्त स्टीरिओवरून करा. फोन अर्ध्यावर ठेवून स्टीरिओ चढवला तर सिग्नलबरोबर खरखरही चढते. फोनमधल्या ॲपचा इक्वलायझरही पाहा. तो कधीतरी चालू करून माणूस विसरतो आणि मग स्टीरिओच्या पट्ट्या हलवत बसतो.

फाइलही तपासा. १२८ केबीपीएसच्या जुन्या एमपी३मध्ये झांजा आणि 'स', 'श' ही अक्षरं पाण्यातून आल्यासारखी ऐकू येतात. तो दोष कोणताही स्पीकर दुरुस्त करू शकत नाही. तेच गाणं ३२० केबीपीएसमध्ये किंवा लॉसलेस (काहीही न गाळलेल्या) स्वरूपात पेनड्राइव्हवर घाला आणि दोन्ही लागोपाठ ऐका.

आता सगळ्यात महत्त्वाचं: फेडर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या स्पीकरांतला तोल. आवाज पुढे ढकला. मागचे स्पीकर अगदी बंद करून पाहा, मग हळूहळू इतकेच वाढवा की मागे बसलेल्यांना ऐकू जाईल, पण तुम्हाला ते वेगळे जाणवणार नाहीत. गाणारा समोर बसलेला हवा, पाठीमागे नको. बहुतेक गाड्यांत एवढ्यानेच गायकीला चेहरा येतो.

हे झालं की लिहा, खुर्रर्रचं नंतर बघू.

तारजोडणी

खर्ज यांच्याशी सहमत. आवाज फाटण्याबद्दल थोडं, कारण इथेच लोक सर्वाधिक फसतात.

स्टीरिओच्या खोक्यावर '५० वॅट × ४' लिहिलेलं असतं. हा आकडा येतो कुठून? गाडी चालू असताना बॅटरीच्या तारेवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. स्टीरिओतली चिप स्पीकरला जास्तीत जास्त तेवढेच व्होल्ट देऊ शकते. ४ ओहमच्या स्पीकरवर १४.४ व्होल्टचा सरळसोट चौकोनी सिग्नल दिला तर १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे जवळपास ५२ वॅट होतात. पण चौकोनी सिग्नल म्हणजे पूर्ण फाटलेला आवाज. स्वच्छ साइन लाटेला त्याच्या निम्मे, म्हणजे २६ वॅट ही कागदावरची कमाल. चिपमधला तोटा वजा केला की हातात १८ ते २२ वॅट राहतात. ॲम्प बाहेर न लावता बहुतेक कुठलाही स्टीरिओ घ्या, महाग असो की स्वस्त, व्होल्ट तेवढेच असल्यामुळे ताकद इथेच अडकते.

म्हणून 'ताकद वाढेल' एवढ्या आशेवर नवीन स्टीरिओ घेऊ नका. त्यात बाकी फायदे असतात, चांगला इक्वलायझर, वेगळे आउटपुट, डिले (जवळच्या स्पीकरला किंचित उशीर देणं), पण वॅट त्यात नाहीत. ॲम्प घेताना 'मॅक्स' किंवा 'पीक' हे शब्द वाचूच नका. 'आरएमएस' (सतत देता येणारी ताकद) किती, किती ओहमवर आणि किती टक्के विकृतीला (आवाजाच्या बिघाडाला), हे बघा. सीईए-२००६ (आता सीटीए-२००६) नावाचं एक मानक आहे. त्यात ४ ओहमवर, १४.४ व्होल्टला, १ टक्का विकृतीच्या आत मोजलेली ताकद सांगावी लागते. त्या मानकाचा शिक्का असलेला ४५ वॅटचा ॲम्प शिक्का नसलेल्या '१००० वॅट'पेक्षा जास्त भरवशाचा.

रानवाट

दोघांचेही आभार. आज निवांत बसून सगळं केलं. 'सराउंड' चालू होतं आणि फोनच्या ॲपमध्ये 'रॉक' नावाची सेटिंग लागलेली होती. दोन्ही काढलं, फेडर पुढे घेतला. फरक खरंच पडला. आवाज समोरून येतो आणि बोलणं स्वच्छ झालंय. फाटणंही कमी झालं, कारण आता मी आवाज तितका चढवतच नाही.

पण डाव्या दाराचं खुर्रर्र आहेच, उलट आता ते जास्त टोचतं. आणि डग्ग्याचा घुमारा नुसता 'भुस्स' असा येतो, सूर कळत नाही.

पडघम

मला हे सेटिंगचं पुराण फारसं पटत नाही. कंपनीचे स्पीकर म्हणजे पातळ कागद आणि नखाएवढा चुंबक. ते बदलल्याशिवाय काही होत नाही. पुढच्या दारांत चांगले साडेसहा इंची टाका, विषय संपला. आणि थरथर थांबवायला दारात चिकटवतात त्या शीटवर पैसे घालणं म्हणजे फिटिंगवाल्याची कमाई.

खर्ज

पडघम, स्पीकर बदलावे लागतील हे मलाही मान्य आहे. पण त्यांना खुर्रर्र आणि 'भुस्स' या दोन तक्रारी आहेत आणि दोन्ही दाराच्या आहेत. महाग स्पीकर त्याच दारात बसवला तर तेच दार जास्त जोरात वाजेल.

स्पीकरचा कागद पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा ओढली जाते. हे दोन्ही एकमेकांच्या उलट. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, त्यातून मागची लाट पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. खालच्या सुरांत हे सर्वाधिक होतं, कारण त्यांची लाट लांब असते. ८० हर्ट्झची लाट चार मीटरहून लांब, तिला वळून पुढे यायला काहीच अडचण नाही. म्हणून बेस पोकळ लागतो. भोकं बंद केली आणि स्पीकरच्या कडेने हवा गळायची थांबवली की तोच कंपनीचा स्पीकर भरदार वाजायला लागतो. हा भाग कोणीही ऐकून पडताळू शकतो.

दुसरं म्हणजे पत्र्याचं थरथरणं. त्यासाठी ब्यूटिलची (रबरासारखी चिकट) शीट लागते, वर ॲल्युमिनियमचा कागद असलेली. पूर्ण दार मढवायची गरज नसते. पत्र्याच्या मोकळ्या मध्यभागी, साधारण पाव भाग झाकला तरी त्याचं घुमणं बरंचसं मरतं. इथेच पैसे वाचतात. छपरावर लावायची डांबरी पट्टी स्वस्त मिळते म्हणून ती दारात घालू नका. उन्हात ती वितळते, ओघळते आणि गाडीत वास सुटतो तो जात नाही.

रानवाट, आधी खुर्रर्र शोधा. २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर डाउनलोड करा, मध्यम आवाजात वाजवा आणि दुसऱ्या कुणाला तरी दारावर ठिकठिकाणी तळहात दाबायला सांगा. जिथे दाबल्यावर आवाज थांबेल तिथे दुखणं. दाराच्या खणातली नाणी, बाटली, चष्म्याची पेटी आधी बाहेर काढा, अर्धी खडखड तीच असते.

तारजोडणी

दार उघडण्याआधी हे वाचा, अगदी शांतपणे.

चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि काही मिनिटं थांबा. पिवळ्या रंगाचे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही. काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा सेन्सर दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजतो. तुमच्या गाडीत तसा सेन्सर असेल तर दाराची मोठी भोकं बंद करणं किंवा सेन्सरभोवती शीट लावणं हा प्रकार करूच नका. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. आवाजापेक्षा ते मोठं आहे.

दाराच्या तळाशी पाणी जायची छोटी भोकं असतात, ती उघडीच राहिली पाहिजेत. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच आणि ते खालून निघून जातं. ती बुजली तर दार आतून गंजतं. शीट लावल्यावर दार बंद करण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून बघा, कुठे घासत नाही ना.

आणि पॅनलच्या प्लास्टिकच्या क्लिपा काढताना एकदोन तुटतातच, त्या आधीच आणून ठेवा.

नवशिकी

फार उपयोगी चाललंय. माझा एक प्रश्न मध्येच विचारते, चालेल ना? माझी गाडी जुनी आहे, वॉरंटी कधीच संपली. एक ओळखीचे काका त्यांच्या गाडीतून काढलेले स्पीकर देतायत, जवळपास फुकटच. जुने स्पीकर घ्यावेत का? आणि घेताना काय बघायचं?

मिंड

नवशिकी, नक्की घ्या, पण तपासून. कागदाच्या कडेची गोल घडी असते ती बोटाने हलकी दाबून बघा. रबराची असेल तर सहसा टिकलेली असते, फोमची असेल तर वर्षांनी भुगा होतो. मग चारही बोटं सारखी टेकवून कागद हळूच आत दाबा आणि कान जवळ न्या. 'खर्र' असं घासलं तर कॉइल वाकडी झालीय, सोडून द्या. मल्टिमीटर असेल तर दोन टोकांत रेझिस्टन्स मोजा. ४ ओहमच्या स्पीकरला साधारण ३.२ ते ३.८ दाखवायला हवं. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली आहे.

ओहम मात्र जरूर जुळवा. तुमचा स्टीरिओ ४ ओहमसाठी असताना २ ओहमचे स्पीकर जोडलेत तर चिप तापेल. आणि उलट, काही गाड्यांत कंपनीनेच २ ओहमचे दिलेले असतात, तिथे ४ ओहमचे लावले तर आवाज कमी येतो आणि माणूस म्हणतो नवीन स्पीकर वाईट.

नवशिकी

समजलं ताई, खूप आभार. फोमचे आहेत की रबराचे ते बघून सांगते.

रानवाट

डावं दार उघडलं. आमच्या गाडीत दाराच्या आत दाबाचा सेन्सर नाही, सर्व्हिस सेंटरमधून खात्री करून घेतली.

आत जे दिसलं ते लिहितो, कारण बाहेरून याची कल्पनाच येत नाही. पाणी अडवायचा प्लास्टिकचा कागद एका बाजूने सुटलेला, तो लोंबत होता. कुलुपाच्या दांडीवर नुसती वायर टेकलेली, आणि दांडी पत्र्यापासून केसभर अंतरावर. सूर साठेक हर्ट्झला आला की ती दांडी टकटक करत पत्र्यावर आपटत होती. म्हणजे खुर्रर्र स्पीकरचं नव्हतंच. स्पीकर काढला तर चौकट पातळ प्लास्टिकची, आणि चौकट व पत्रा यांच्यामध्ये अख्खं बोट जाईल एवढी फट एका बाजूला.

दांडीला फेल्टची पट्टी गुंडाळली, वायर बांधली, फटीत बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमची पट्टी कडेने फिरवली. शीट मध्यभागी दोन तुकडे आणि मोठ्या भोकांवर बाकीचे. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, शीट रोलरने दाबली. प्लास्टिकचा कागद पुन्हा नीट चिकटवला. दार आता लावताना 'धप्प' असा बंद आवाज येतो.

डग्गा ऐकला. घुमारा आता वर-खाली होताना कळतो. पडघम, स्पीकर अजून कंपनीचेच आहेत, बरं का.

पडघम

वाचलं. एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं, माझं मत तेवढ्यापुरतं बदलतो. पण गायकीचा दबलेपणा अजून असेलच, कारण ट्वीटर नाही. पुढचा खर्च तिथेच.

मिंड

बरोबर. आणि आता पुढच्या स्पीकरकडे वळायची वेळ आलीय असं मलाही वाटतं. यावर जरा सविस्तर लिहिते.

ॲम्प नसताना स्पीकर निवडायचा असेल तर खोक्यावरच्या वॅटकडे दुर्लक्ष करा आणि सेन्सिटिव्हिटी बघा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, हा तो आकडा. दर ३ डेसिबलला दुप्पट ताकद लागते. म्हणजे ८७ डेसिबलच्या स्पीकरला जितकं जोरात वाजायला २० वॅट लागतील, तेवढंच ९० डेसिबलवाला १० वॅटमध्ये वाजेल. कंपनीचे स्पीकर हलके असतात, त्यामुळे त्यांची सेन्सिटिव्हिटी बऱ्याचदा चांगली असते. मोठ्या ॲम्पसाठी बनवलेला जड कागदाचा महाग स्पीकर स्टीरिओवर थेट लावला तर तो कंपनीच्यापेक्षाही हळू वाजू शकतो. लोक इथे निराश होतात.

एक खोच आहे. काही उत्पादक हा आकडा एक वॅटवर देतात आणि काही २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट, त्यामुळे तो आकडा आपोआप ३ डेसिबलने फुगलेला दिसतो. दोन स्पीकरांची तुलना करताना कुठला आहे ते बारीक अक्षरात वाचा.

आता कोॲक्सियल की कम्पोनंट. कोॲक्सियलमध्ये ट्वीटर वूफरच्या मध्यावरच असतो, कम्पोनंटमध्ये वेगळा. दारातला स्पीकर गुडघ्यापाशी असतो आणि वरचे सूर सरळ रेषेत जातात, त्यामुळे कोॲक्सियलचा ट्वीटर तुमच्या पोटरीसाठी वाजतो. रानवाट यांचा 'तोंडावर रुमाल' त्यातलाच आहे. गायन ऐकणाऱ्यांनी पुढे कम्पोनंट घ्यावा आणि ट्वीटर आरशाजवळच्या तिकोनी प्लास्टिकमध्ये किंवा डॅशच्या कोपऱ्यात. काही गाड्यांत तिथे आधीच जाळी असते, आत मोकळी जागा. मागच्या दारांना सध्या हातच लावू नका, तो पैसा पुढे घाला.

फिटिंगसाठी आपल्या गाडीच्या आकाराची ॲडॅप्टर रिंग आणि वायरिंग ॲडॅप्टर घ्या. कंपनीचा कपलर तसाच राहतो, एक तारही कापावी लागत नाही. रिंग प्लास्टिकची बरी, साध्या एमडीएफची दारातल्या ओलाव्याने फुगते.

सप्तक

मिंड +१. आणि जोडताना प्लस-मायनस बघा. एक बाजू उलटी जोडली गेली की बेस गायब होतो आणि गाणारा गाडीभर पसरतो. खात्री करायची सोपी युक्ती: स्पीकर स्टीरिओपासून सोडवा, दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कागद बाहेर येतो. ट्वीटरवर हे करू नका, फक्त वूफरवर.

रानवाट

कम्पोनंट सेट बसवला, ९१ डेसिबलचा, आणि तो एक वॅटवरचाच आकडा आहे, तपासून घेतला. पुढची दोन्ही दारं आता सारखी बंद केलीत. ट्वीटर आरशामागच्या तिकोनात. तानपुऱ्याच्या तारा वेगळ्या ऐकू येतात, श्वास ऐकू येतो. याच गाडीत याच फायली मी इतके दिवस ऐकत होतो.

दोन गोष्टी राहिल्या. आवाज चढवला की अजून थोडा फाटतो, बेस असलेल्या गाण्यांतच. आणि 'स' जरा टोचतो.

तारजोडणी

फाटण्याचं कारण: १८-२० वॅटमधले बहुतेक वॅट खालचे सूर खातात. ८० हर्ट्झच्या खालचं काम दारातल्या स्पीकरला देऊच नका. तुमच्या स्टीरिओत हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) असेल तर ८० हर्ट्झला लावा. कंपनीच्या स्टीरिओत सहसा नसतो. मग प्रत्येक बाजूच्या प्लस तारेत एक बायपोलर कपॅसिटर लावायचा, सगळ्यात स्वस्त उपाय हाच. हिशेब असा: ४ ओहमला १०० हर्ट्झवर कापायचं तर सुमारे ४०० मायक्रोफॅरड, १२० हर्ट्झवर ३३० मायक्रोफॅरड. साधा, एका बाजूला पट्टी असलेला कपॅसिटर इथे चालत नाही, तो फुगून फुटू शकतो. वायरिंग ॲडॅप्टरच्या तारेवरच जोडा म्हणजे गाडीच्या मूळ तारेला धक्का नाही.

उतार सौम्य असतो त्यामुळे बेस पूर्ण जात नाही, पण आवाज बराच पुढे नेता येईल.

ॲम्प पुढेमागे घेणार असाल तर हाय-लेव्हल इनपुटचा घ्या, तो स्पीकरच्याच तारांवरून सिग्नल घेतो, स्टीरिओ बदलावा लागत नाही. आणि एक इशारा. कंपनीच्या स्टीरिओत स्पीकरची मायनस तार बॉडीला जोडलेली नसते. दोन्ही तारांवर बॅटरीच्या निम्मे व्होल्ट असतात. ती मायनस चुकूनही अर्थ करू नका, म्हणजे बॉडीला जोडू नका, चिप जळते.

पडघम

आणि वूफर? बेसशिवाय मजा नाही. मी तर म्हणतो आधी वूफरच घ्यायला हवा होता.

खर्ज

त्यांच्या ऐकण्याला आधी नको होता. पण आता घेतला तर त्याचा उपयोग बेसपुरता राहत नाही, खालचं सगळं ओझं दारांवरून उतरतं आणि गायकीही मोकळी होते. सीटखाली बसणारा आठ इंची, ज्याच्या पोटातच ॲम्प असतो, तो कमी जागेत आणि कमी खटपटीत काम करतो. बंद गाडीची पोकळी स्वतःच खालचे सूर उचलून धरते, त्यामुळे घरात जितका मोठा लागेल तितका इथे लागत नाही. घेण्याआधी सीट पूर्ण मागे-पुढे करून खालची उंची मोजा, आणि सीटखालच्या वायरी व एसीची नळी पाहून ठेवा. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतो हे कानाला कळत नाही, म्हणून सीटखाली असला तरी बेस समोरून आल्यासारखा वाटतो. फक्त फिल्टर ८०च्या वर नेऊ नका, मग मात्र तो मांडीखालून ऐकू येतो.

तो लावताना गाडी उभी असताना बेस नेमका लावून ठेवला तर रस्त्यावर तो कमी वाटेल. चाकांचा आणि वाऱ्याचा गोंगाट खालच्याच सुरांत असतो आणि तो बेस झाकतो. चालत्या गाडीत, शेजारी बसलेल्या माणसाच्या हातून लावा. चालवणाऱ्याने नाही.

तारजोडणी

वूफर किंवा ॲम्प लावाल तेव्हा बॅटरीपासूनच्या मुख्य तारेवर फ्यूज हवाच, आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, तारेसाठी असतो. तार कुठे घासून पत्र्याला लागली तर आग लागू नये म्हणून. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते, तिला 'सीसीए' म्हणतात. ती वापरायचीच तर एक-दोन माप जाड घ्या. अर्थ जवळच्या पत्र्याला, रंग खरवडून. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी 'कुँऽऽ' अशी शिट्टी आली तर ॲम्पला हात लावण्याआधी अर्थ बघा, बहुतेक वेळा तिथेच दोष असतो.

ॲम्पवरचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा खटका) म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. तो मल्टिमीटरने लावायचा. स्पीकर सोडवा, बेस-ट्रेबल शून्यावर, स्टीरिओ पाऊण आवाजावर, सूर वाजवा आणि ॲम्पच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजा. हवी ती ताकद गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५० वॅट, ४ ओहम असेल तर २००चं वर्गमूळ, १४.१ व्होल्ट. तिथे पोचलं की थांबा. वूफरसाठी ५० हर्ट्झचा सूर घ्या. दारांसाठी ३०० हर्ट्झचा, कारण स्वस्त मल्टिमीटर त्याहून फार वरचे एसी व्होल्ट नीट दाखवत नाहीत.

रानवाट

कपॅसिटर लावले. फाटणं गेलं म्हणायला हरकत नाही, मी ऐकतो त्या पातळीवर तरी. वूफर काही महिन्यांनी, सीटखालची जागा मोजून ठेवलीय.

आता फक्त तो 'स'. मिंड, काही सुचतंय का? ट्रेबल कमी केला तर तानपुराही झाकला जातो.

मिंड

ट्रेबलची पट्टी सगळंच झाकते, ती शून्यावरच राहू द्या. आधी कम्पोनंटची क्रॉसओव्हरची (सूर वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटणारी) डबी उघडून पाहा. बऱ्याच सेटमध्ये ट्वीटरसाठी ०, -२, -३ डेसिबल असा छोटा खटका किंवा जंपर असतो. तो -२ वर घ्या.

तसा खटका नसेल तर ट्वीटरचं तोंड फिरवा. आत्ता तो बहुधा सरळ तुमच्या कानाकडे बघतोय. तुमच्या बाजूचा ट्वीटर शेजारच्या प्रवाशाच्या डोक्याकडे आणि पलीकडचा तुमच्या डोक्याकडे, म्हणजे दोन्ही गाडीच्या मध्यावर एकमेकांना छेदतील असे. जवळचा ट्वीटर कानापासून थोडा तिरका झाला की त्याची धार कमी होते, आणि गाणाराही तुमच्या आरशावरून सरकून डॅशच्या मध्याकडे जातो. पक्कं चिकटवण्याआधी दुहेरी टेपने तात्पुरता लावून दोन-तीन कोनांत ऐका. ऐकताना एकच आवाज घ्या, बाईचा एकट्या तानपुऱ्यावरचा आलाप असेल तर उत्तम, आणि काच बंद ठेवा, कारण उघड्या काचेने 'स'चा भाग बाहेर पळतो आणि कोन चुकीचा ठरतो.

त्यानंतरही टोचलं तर इक्वलायझरच्या ६ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्टीत दोन डेसिबल कमी करा, तेवढीच पट्टी.